खिशातील पिस्तुले : नमुन्यांची नावे व आवृत्तिभेद

खिशात, कमरपट्ट्याला किंवा कपड्यांखाली अडचण न होता बाळगता येतील अशा लहान आकाराच्या अर्धस्वयंचलित पिस्तुलांचा हा वर्ग होय. अशा पिस्तुलात चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते, रिकामे कवच बाहेर फेकले जाते आणि मुठीत बसविलेल्या काडतूसपेटीतील पुढचे काडतूस नळीच्या मागील कोठीत आपोआप चढते. पिस्तुलांच्या सर्व वर्गांत नावांचा घोटाळा याच वर्गात सर्वांत अधिक आहे. एकाच नावाखाली दोन वेगळी शस्त्रे विकली गेली आहेत. एकाच शस्त्राला तीन देशांत तीन नावे मिळाली आहेत. आणि नाव कायम ठेवून आतील रचना बदलण्याचा प्रघात तर सर्रास आहे. हा केवळ संग्राहकांच्या हौसेचा विषय नव्हे. चुकीच्या काडतुसाने शस्त्र फुटू शकते, पंचनाम्यातील चुकीच्या नोंदीने पुरावा डळमळतो आणि इतिहासग्रंथांत एकदा शिरलेली चूक अनेक दशके टिकून राहते.

नावे पडण्याच्या रीती : पिस्तुलाला नाव देण्याची कोणतीही आंतरराष्ट्रीय पद्धत नाही. कोणी आराखड्याचे वर्ष, कोणी विक्रीला आरंभ झाल्याचे वर्ष, कोणी केवळ अनुक्रमांक, तर कोणी वापरणाऱ्याच्या व्यवसायावरून घेतलेली आद्याक्षरे नाव म्हणून वापरतो. त्यातच सैन्यांनी दिलेली वेगळी नावे आणि संग्राहकांनी मागाहून पाडलेले प्रकार मिसळतात. ‘कॉम्पॅक्ट’ म्हणजे आटोपशीर, या विशेषणालाही ठरीव माप नाही. १९२९ साली गणवेशातील पोलिसांसाठी पूर्ण आकाराचे म्हणून आलेले वॉल्थर पीपी पिस्तूल १७० मिमी. लांब होते, १९८८ साली ‘कॉम्पॅक्ट’ म्हणून आलेले ग्लॉक १९ हे सु. १८७ मिमी. लांब आहे. आजचे लहान पिस्तूल हे कालच्या मोठ्या पिस्तुलापेक्षा मोठे असते, हे ध्यानात न घेतल्यास जुन्या व नव्या वर्णनांची तुलना निरर्थक ठरते.

ब्राउनिंगची पिस्तुले : या घोटाळ्याचा उगम बऱ्याच अंशी जॉन मोझेस ब्राउनिंग (१८५५–१९२६) या अमेरिकन संशोधकाच्या यशात आहे. त्याचे आराखडे बेल्जियममधील एर्स्ताल येथील फाब्रिक नॅशनल (एफएन) व अमेरिकेतील कोल्ट या दोन्ही कंपन्यांनी तयार केले. बाजारपेठा वाटून घेतल्यामुळे एकाच कल्पनेची पिस्तुले अटलांटिकच्या दोन तीरांवर वेगवेगळ्या नावांनी आणि वेगवेगळ्या काडतुसांसाठी निघाली. एफएनचे १९०३ हे ‘९ मिमी. ब्राउनिंग लाँग’ या काडतुसाचे मोठे पिस्तूल आहे. कोल्टचे १९०३ हे त्याच धाटणीचे पण.३२ काडतुसाचे लहान पिस्तूल आहे. इतक्यावरच हे थांबत नाही. कोल्टने ‘१९०३’ हे वर्ष स्वतःच्याच दोन पिस्तुलांना दिले : एक ‘पॉकेट हॅमरलेस’, .३२ काडतुसाचे, दुसरे ‘पॉकेट हॅमर’,.३८ काडतुसाचे. यांतील पहिल्याला ‘घोडा नसलेले’ म्हणणेही खरे नाही. घोडा त्यात आहेच. तो स्लाइडच्या आत झाकलेला असतो इतकेच.

दुसऱ्या पिस्तुलाच्या बाबतीत नावाची गल्लत धोकादायक ठरते. ते .३८ एसीपी या काडतुसासाठी बनविलेले आहे. १९२९ साली त्याच मापाच्या कवचात अधिक दाब निर्माण करणारे ‘.३८ सुपर’ काडतूस बाजारात आले. दोन्ही काडतुसे एकाच कोठीत बसतात. जुन्या पिस्तुलात नवे काडतूस सहज जाते, पण त्याचा दाब सोसण्यासाठी ते शस्त्र कधीच बनविलेले नव्हते. नळीवरील ‘.३८’ एवढाच आकडा वाचून भागत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

कोल्टचे .३२ पिस्तूल १९०३ पासून १९४५ पर्यंत बनत राहिले व त्याचे साडेपाच लाखांहून अधिक नग निघाले. या काळात नळी थोडी आखूड झाली, नळीच्या तोंडाशी असलेली वेगळी बाही काढून टाकण्यात आली आणि काडतूसपेटी काढल्यावर चाप निकामी करणारी सुरक्षा योजना पुढे बसविण्यात आली. कंपनीने नाव मात्र बदलले नाही. ‘प्रकार १’, ‘प्रकार २’ ही आज सर्वत्र आढळणारी नावे संग्राहकांनी नंतर दिलेली असून ती शस्त्रावर कोठेही कोरलेली नसतात. १९०८ साली याच पिस्तुलाची .३८० काडतुसाची आवृत्ती निघाली. त्याच वर्षीचे कोल्टचे .२५ काडतुसाचे ‘व्हेस्ट पॉकेट’ हे मात्र पूर्णपणे निराळे, तळहातात मावणारे शस्त्र आहे. दोघांनाही ‘कोल्ट १९०८’ म्हणण्याची चाल आहे.

साराएव्हो येथील पिस्तूल : २८ जून १९१४ रोजी साराएव्हो येथे गाव्‌रिलो प्रिन्सिपने ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्स फर्डिनांड व त्याची पत्नी यांच्यावर गोळ्या झाडल्या व त्यातून पहिल्या महायुद्धाचा वणवा पेटला. हे पिस्तूल एफएनचे १९०० नमुन्याचे होते, किंवा ते ७·६५ मिमी. व्यासाचे होते, असे असंख्य पुस्तकांतून छापले गेले आहे. वस्तुतः ते एफएनच्या १९१० नमुन्याचे, ९ मिमी. आखूड काडतुसाचे व १९०७४ क्रमांकाचे होते. ते २००४ पासून व्हिएन्ना येथील लष्करी इतिहास संग्रहालयात आहे.

चूक होण्याचे कारण समजण्यासारखे आहे. १९०० चे पिस्तूल इतके लोकप्रिय झाले होते की, यूरोपातील अनेक भाषांत ‘ब्राउनिंग’ हा शब्द कोणत्याही खिशातील पिस्तुलाला लावला जाई. शिवाय १९१० चा नमुना ७·६५ व ९ मिमी. अशा दोन्ही व्यासांत निघत होता. वास्तविक ही दोन पिस्तुले एका दृष्टिक्षेपात ओळखता येतात. १९०० मध्ये प्रत्याकर्षी स्प्रिंग नळीच्या वर एका वेगळ्या पोकळीत असते, त्यामुळे पिस्तुलाचा पुढील भाग उंच व चौकोनी दिसतो. १९१० मध्ये ती स्प्रिंग नळीभोवतीच गुंडाळलेली असल्याने पुढील भाग सडपातळ व गोलसर असतो. १९२२ चा नमुना, ज्याला १९१०/२२ असेही म्हणतात, हा १९१० चाच लांब नळीचा व अधिक काडतुसे मावणारा अवतार आहे. त्याच्या स्लाइडला पुढे जोडलेले नळकांडे पाहिले की शंका उरत नाही.

वॉल्थर पीपी व पीपीके : जर्मनीतील थुरिंजिया प्रांतात त्सेला-मेहलिस येथे असलेल्या वॉल्थर कंपनीने १९२९ साली ‘पीपी’ हे पिस्तूल काढले. ही अक्षरे ‘पोलिसांचे पिस्तूल’ या अर्थाच्या जर्मन शब्दाची आहेत. साध्या वेशातील गुप्तचर पोलिसांसाठी लवकरच त्याची लहान आवृत्ती निघाली, ती ‘पीपीके’. यातील ‘के’ हे अक्षर गुन्हा अन्वेषण या अर्थाच्या ‘क्रिमिनाल’ शब्दाचे की आखूड या अर्थाच्या ‘कुर्त्स’ शब्दाचे, यावर अद्याप वाद घातला जातो. पहिला अर्थ अधिक मान्य असला, तरी पिस्तूल आखूड आहे ही वस्तुस्थिती दुसऱ्या अर्थाला मरू देत नाही.

पीपीची नळी ९८ मिमी. व उंची १०९ मिमी., तर पीपीकेची नळी ८३ मिमी., एकूण लांबी १५५ मिमी. व उंची सु. १०० मिमी. असते. ७·६५ मिमी. व्यासात पीपीच्या पेटीत ८ व पीपीकेच्या पेटीत ७ काडतुसे मावतात, ९ मिमी. आखूड काडतुसांच्या बाबतीत ही संख्या प्रत्येकी एकाने कमी होते. पण मापपट्टी जवळ नसतानाही भेद ओळखण्याची खूण मुठीत आहे. पीपीच्या सांगाड्याला मुठीच्या मागील बाजूस पोलादी पाठ असते व दोन्ही बाजूंना दोन स्वतंत्र पट्ट्या बसविलेल्या असतात. पीपीकेच्या सांगाड्याला ती पाठ नसते. एकच अखंड आवरण मुठीला मागून वेढते. युद्धपूर्व काळात दोन्ही पिस्तुलांचे अनुक्रमांक एकाच टप्प्यात चालले असल्यामुळे केवळ क्रमांकावरून नमुना सांगता येत नसे. दहा लाखांचा आकडा गाठल्यावर, सु. १९३८ पासून, क्रमांकानंतर पीपीसाठी ‘पी’ व पीपीकेसाठी ‘के’ ही अक्षरे येऊ लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर त्सेला-मेहलिस सोव्हिएट अंमलाखाली गेले. वॉल्थर कुटुंबाने पश्चिम जर्मनीत उल्म येथे पुन्हा आरंभ केला. परंतु पिस्तुलाचे उत्पादन १९५२ पासून परवान्याने फ्रान्समधील मान्यूरें या कंपनीकडे होते. उल्मचे नाव कोरलेल्या पिस्तुलांचेही भाग अनेक वर्षे बहुतांशी फ्रान्समध्येच तयार होत. याखेरीज तुर्कस्तान व हंगेरी येथे पीपीच्या हुबेहूब वाटणाऱ्या प्रती निघाल्या. यांतील हंगेरीचे पीए-६३ हे दिसायला पीपीसारखे असले, तरी त्याचे काडतूस ९ मिमी. माकारॉव्ह हे असते. प्रतीचा चेहरा मूळ शस्त्राचा आणि पोट परक्या काडतुसाचे, असा हा प्रकार आहे.

पीपीके/एस ही आवृत्ती अभियांत्रिकीतून नव्हे, तर कायद्यातून जन्माला आली. अमेरिकेच्या १९६८ च्या शस्त्र नियंत्रण कायद्यानुसार आयात होणाऱ्या पिस्तुलांसाठी गुणांची पद्धत लागू करण्यात आली. लांबी किमान ६ इंच व उंची किमान ४ इंच असणे सक्तीचे झाले आणि वजन, सुरक्षा खटके, निशाणी इत्यादींसाठी मिळून ७५ गुण आवश्यक ठरले. पीपीके यात थोडक्याने अपात्र ठरले. त्यावर वॉल्थरने सोपा उपाय योजला : पीपीच्या उंच सांगाड्यावर पीपीकेची स्लाइड व नळी बसविली. उंची १०४ मिमी. झाली, वजन सु. ५० ग्रॅ. वाढले आणि पिस्तूल आयातयोग्य झाले. म्हणजे वरून पाहिल्यास ते पीपीके व खालून पाहिल्यास पीपी आहे. काडतूसपेटीही पीपीची लागते. पीपीची लांब पेटी पीपीकेत घातल्यास ती मुठीबाहेर डोकावते आणि पीपीकेची आखूड पेटी पीपीके/एसच्या मुठीत पुरेशी वर पोहोचत नाही. पुढे ही पिस्तुले अमेरिकेतच परवान्याने बनू लागली. आयातीचे निर्बंध देशी उत्पादनाला लागू नसल्याने १९८० नंतरच्या दशकात मूळ पीपीकेही तेथे पुन्हा विकले जाऊ लागले. त्यामुळे अमेरिकन पीपीके व जर्मन पीपीके या दोन स्वतंत्र नोंदी कराव्या लागतात. २००२ नंतर अमेरिकेत बनलेल्या पिस्तुलांत तर मुठीच्या वरील मागची शेपटी वाढविण्यात आली होती. स्लाइड मागे सरकताना अंगठ्याच्या बेचक्याला होणारी इजा टळावी हा त्याचा हेतू.

या पिस्तुलाची कीर्ती झाली ती इअन फ्लेमिंगच्या जेम्स बाँड या नायकामुळे. पण तेथेही घोटाळा सुटला नाही. १९६२ च्या डॉ. नो या चित्रपटात बाँडच्या हाती पीपीके म्हणून दिले जाते ते पिस्तूल प्रत्यक्षात पीपी आहे. मोठ्या पडद्यावर बहुसंख्य प्रेक्षकांनी आयुष्यात पाहिलेले पहिले ‘पीपीके’ हे अशा रीतीने पीपीके नव्हतेच.

काडतुसांची नावे : पिस्तुलाच्या नावापेक्षाही काडतुसाच्या नावातील भेद महत्त्वाचे आहेत. ९ मिमी. आखूड, ९ मिमी. कुर्त्स, ९ मिमी. कोर्टो, ९ × १७ व .३८० एसीपी ही पाचही एकाच काडतुसाची नावे होत. याउलट ९ मिमी. पॅराबेलम, म्हणजेच ९ × १९, हे जगातील बहुतेक सैन्यांचे काडतूस त्याहून लांब व पुष्कळ जोरकस असते. सोव्हिएट संघाचे ९ × १८ माकारॉव्ह आणि वॉल्थरच्या १९७२ च्या पीपी सुपर पिस्तुलातील ९ × १८ अल्ट्रा यांचे आकडे तंतोतंत जुळतात, काडतुसे मात्र जुळत नाहीत : माकारॉव्हच्या गोळीचा व्यास सु. ९·२७ मिमी., तर अल्ट्राचा सु. ९·०२ मिमी. असतो. ‘९ मिमी.’ हा शब्दप्रयोग एकट्याने वापरला तर त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही.

महात्मा गांधींच्या हत्येसाठी ३० जानेवारी १९४८ रोजी वापरलेल्या पिस्तुलाच्या वर्णनात हीच उणीव वारंवार आढळते. ते इटलीतील बेरेट्टा कंपनीचे १९३४ नमुन्याचे, ६०६८२४ क्रमांकाचे पिस्तूल होते. त्याला नुसते ‘९ मिमी. स्वयंचलित’ म्हटल्याने वाचकाच्या मनात सैन्याचे पॅराबेलम काडतूस उभे राहते. प्रत्यक्षात हा नमुना ९ मिमी. कोर्टो काडतुसाचा आहे. बेरेट्टाचा १९३५ नमुना बाह्यतः तसाच दिसतो. तो मात्र ७·६५ मिमी.चा असतो. या इटालियन पिस्तुलांवर इसवी सनाच्या जोडीला फॅसिस्ट राजवटीचे वर्ष रोमन अंकांत कोरलेले असते. ते नमुन्याचे किंवा आवृत्तीचे चिन्ह समजण्याची चूक नवख्यांकडून होते.

भारतात ९ मिमी. पॅराबेलमची पिस्तुले सैन्य व पोलीस यांच्यासाठी राखीव असल्यामुळे परवानाधारक नागरिकांच्या हाती प्रामुख्याने .३२ व्यासाची शस्त्रे असतात. येथे एक खास भारतीय अडचण उद्‌भवते. ‘.३२’ हा आकडा पिस्तूल व रिव्हॉल्व्हर या दोहोंना लावला जातो आणि दोहोंचे दशमान माप ७·६५ मिमी. असेच लिहिले जाते. पिस्तुलाचे काडतूस ७·६५ × १७, म्हणजे .३२ एसीपी असते. रिव्हॉल्व्हरचे ७·६५ × २३, म्हणजे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग असते व त्याच्या बुडाला ठळक कड असते. परवान्यावर किंवा दुकानाच्या पावतीवर केवळ ‘.३२’ लिहिलेले असेल, तर शस्त्राचा प्रकार वाचल्याखेरीज काडतुसाचा निर्णय करता येत नाही.

अलीकडील नमुने : प्लॅस्टिकच्या सांगाड्याची पिस्तुले रूढ झाल्यावर जुन्या घोटाळ्याने नवे रूप घेतले. ऑस्ट्रियातील ग्लॉक कंपनीच्या पहिल्या पिस्तुलाला १७ हा क्रमांक मिळाला, तो संस्थापकाच्या सतराव्या एकस्वावरून. त्यात सतरा काडतुसे मावतात हा योगायोग आहे. त्यानंतरचे क्रमांक आराखड्यांच्या क्रमाने पडत गेले, त्यामुळे आकड्यावरून आकार किंवा काडतूस यांचा बोध होत नाही. १९, २६ व ४३ ही ९ × १९ काडतुसाची, उतरत्या आकाराची पिस्तुले आहेत. पण ४३ च्या बरोबरीचे दिसणारे, एक वर्ष आधी, २०१४ साली आलेले ४२ हे.३८० काडतुसाचे आहे. १९एक्स यात १९ ची स्लाइड असली, तरी मूठ १७ ची आहे. नाव वाचून लहान पिस्तूल समजून ते घेणाऱ्याला पूर्ण आकाराची मूठ हाती येते.

याशिवाय प्रत्येक क्रमांकाच्या ‘पिढ्या’ आहेत. पहिल्या तीन पिढ्यांची नावे वापरणाऱ्यांनी पाडली. स्लाइडवर पिढीचा उल्लेख कोरण्यास चौथ्या पिढीपासून, म्हणजे २०१० पासून, आरंभ झाला. त्या पिढीत प्रत्याकर्षी स्प्रिंग दुहेरी झाली, त्यामुळे तिसऱ्या व चौथ्या पिढीच्या १९ मधील हा भाग परस्परांत बसत नाही. पाचवी पिढी २०१७ ची असून तीत मुठीवरील बोटांच्या खाचा काढल्या आहेत. स्मिथ अँड वेसनने तर १८९९ च्या रिव्हॉल्व्हरचे ‘मिलिटरी अँड पोलीस’ हे नाव २००५ साली प्लॅस्टिकच्या पिस्तुलांना पुन्हा दिले. त्यातील २०१२ चे लहान ‘शील्ड’, त्याची सुधारित आवृत्ती व २०२१ चे ‘शील्ड प्लस’ यांच्या काडतूसपेट्या सरसकट एकमेकांत चालतीलच असे नाही. जाहिरातीत जुन्या नावाची पुण्याई वापरण्याचा हा मोह दुरुस्तीच्या दुकानात महाग पडतो.

नोंदीची पद्धत : पिस्तुलाची विश्वसनीय नोंद करताना नमुन्याचे नाव शेवटी लिहावे, अशी अनुभवी अभिरक्षकांची रीत आहे. प्रथम स्लाइड व सांगाडा यांवरील सर्व अक्षरे, अंक व चिन्हे जशीच्या तशी उतरून घेतात. नंतर नळीची लांबी, एकूण लांबी व काडतूसपेटीसह व पेटीविना उंची मोजतात. कोठीवर कोरलेले काडतुसाचे नाव पूर्ण लिहितात. कोठी बदललेली असण्याचा संशय असल्यास तिचे माप घेतात. चाचणीचे शिक्के कालनिर्णयाला फार उपयोगी पडतात. उदा., जर्मन पिस्तुलांवर मुकुटाखाली ‘एन’ हे अक्षर असल्यास ते साधारणपणे १९४० पूर्वीचे व गरुडाखाली ‘एन’ असल्यास त्यानंतरचे, युद्धकाळातील समजले जाते. स्लाइड, नळी व सांगाडा यांवरील क्रमांक भिन्न असतील, तर ते शस्त्र दोन किंवा अधिक पिस्तुलांच्या भागांतून जुळविलेले असू शकते; अशा वेळी एकच नमुना-नाव न देता प्रत्येक भागाची नोंद स्वतंत्रपणे करतात. न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत गोळीवरील मळसूत्री खाचांची संख्या, रुंदी व वळण यांवरून नळीचा गट ठरविता येतो. परंतु एकाच कंपनीच्या अनेक नमुन्यांत हीच लक्षणे समान असल्याने प्रयोगशाळेच्या अहवालात बहुधा एका नमुन्याऐवजी संभाव्य नमुन्यांची यादी दिलेली असते. संशयित शस्त्र हाती आल्यावर त्यातून चाचणीची गोळी झाडून तिच्यावरील सूक्ष्म ओरखड्यांची तुलना घटनास्थळीच्या गोळीशी तुलनात्मक सूक्ष्मदर्शकाखाली करतात.